पागडीवरचा आवाज

माझ्या वडिलांचा आवाज नऊ सेकंदांचा आहे. म्हणजे होता. आता तो नेमका कुणाच्या मालकीचा आहे ते मला सांगता येत नाही, आणि मी हे लिहायला बसले ती त्याच रागाने.

त्यांचा दुसरा आवाज आमच्याकडे नाही. मी दहा वर्षांची असताना पप्पा गेले. आमच्या मजल्यावर तेव्हा ज्यांच्याकडे मोबाईल होते ते फक्त बोलायचे मोबाईल होते. फोटो आहेत सहा-सात. लग्नातले दोन, गावच्या घरासमोरचा एक, रेशनकार्डासाठी काढलेला एक, असे. फोटोत ते कुठेच हसत नाहीत. आई म्हणते प्रत्यक्षात फार हसायचे. असतील. मला आठवतं ते त्यांचं खाकरणं, आणि जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर एकदा थांबणं. आवाज आठवत नाही.

नऊ सेकंद मिळाले ते असे. गिरणी बंद पडल्यावर पप्पा लालबागला एका गोदामावर वॉचमन होते. त्यांची जुनी गिरणी परळला, आमच्या चाळीपासून चालत सात मिनिटांवर. पाडायच्या आधी काही वर्षं ती शूटिंगला भाड्याने देत. गिरण्यांच्या टाळेबंदीवरचा एक मराठी सिनेमा तिथे सुरू झाला आणि दिग्दर्शकाला गेटसमोरच्या गर्दीसाठी खरी माणसं हवी होती. एक एजंट चाळीत आला. ‘गिरणीत काम केलेले कोण कोण आहेत? आपापले जुने कपडे घालून या.’ आमच्या चाळीत जुने कपडे शोधावे लागत नव्हते. पप्पा शूटिंगला गेले.

प्रसंग साधा होता. सकाळच्या पाळीला कामगार येतात, गेट बंद, आत वॉचमन उभा. दिग्दर्शकाने गर्दीला विचारलं, ‘खरंच असं झालं होतं तेव्हा तुम्ही काय म्हणाला होता?’ पप्पा म्हणाले की आम्ही वॉचमनला एवढंच विचारलं होतं. ते जे म्हणाले तेच त्यांना कॅमेऱ्यासमोर बोलायला लावलं.

‘कुलूप आतून लावलंय की बाहेरून, तेवढं सांगा. आतून असेल तर थांबतो. बाहेरून असेल तर घरी जातो.’

नऊ सेकंद. कॅमेरा मागे होता, त्यामुळे पप्पांचा चेहरा दिसत नाही. टोपी, एक कान, खांदा. पण आवाज स्वच्छ आहे.

सिनेमा चालला नाही. आमच्याकडे मात्र त्याची व्हीसीडी आली, पप्पांनीच लालबागच्या मार्केटमधून आणली. ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, एक सिनेमा दोन तबकड्यांत यायचा. मध्यंतर झालं की उठून पहिली काढायची, दुसरी घालायची. पप्पा दुसऱ्या सीडीत होते, अगदी शेवटच्या दहा मिनिटांत.

ते गेल्यावर आमच्या घरात एक रीत पडली. कुणी ठरवून पाडली नाही. पितृपक्षात त्यांचा म्हाळ असतो. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, खीर. गच्चीत कावळ्याला पान ठेवायचं, कावळा शिवला की आपण जेवायचं. जेवणं झाली, भांडी घासून झाली, की आई हात पुसत म्हणायची, ‘लाव गो दुसरी सीडी.’ सिनेमाचं नाव आमच्या घरात कुणी घेत नसे. ‘दुसरी सीडी’ हेच त्याचं नाव. ते नऊ सेकंद यायचे, आई ऐकायची, पदराने टीव्हीची काच पुसायची आणि आत जाऊन झोपायची. बस. वर्षातून एकदा. रडणं वगैरे नाही.

आता माझं सांगते. मी भाडेकरूंच्या समितीत काम करते. या भागातल्या जुन्या चाळी पाडून टॉवर उठतायत, आणि आत राहणाऱ्याला काय मिळणार ते ज्या कागदावर लिहिलेलं असतं तो कागद त्याला कुणी वाचू देत नाही. आम्ही दारोदार जाऊन सांगतो. सातवीत निबंध लिहायच्या वयात मी पत्रकं लिहायला शिकले. माझ्या सगळ्यात गाजलेल्या पत्रकाचा मथळा आहे ‘वाचल्याशिवाय सही नाही’. डिलाईल रोडपासून शिवडीपर्यंत चाळींच्या जिन्यांत तो चिकटलेला आहे. काही ठिकाणी त्यावर पान थुंकलंय, पण चिकटलेला आहे.

आणि मी काय केलं?

व्हीसीडी प्लेअर बिघडला. दुरुस्त करणारा म्हणाला, ‘पार्ट येत नाहीत, फेकून द्या.’ मी नुकतीच थोडी कमवायला लागले होते, नवा टीव्ही आणला. त्यात ॲप आली. सहज शोधलं तर आमचा सिनेमा तिथे. चित्र लख्ख. पप्पांच्या टोपीची शिवण दिसत होती. आई उठून टीव्हीपाशी गेली आणि म्हणाली, ‘ही मीया शिवलेली.’ इतकी वर्षं सीडीवर ती शिवण दिसलीच नव्हती.

खाली दोन बटणं होती. ‘भाड्याने घ्या’ आणि ‘खरेदी करा’. मी खरेदी केला. मध्ये एक भलं मोठं पान आलं, अटी आणि शर्ती. मी अंगठा खाली सरकवत नेला, शेवटी चौकोन होता, ‘मी वाचले आहे व मला मान्य आहे’. टिचकी मारली.

आई बघत होती. ‘काय गो, आता हो आपलो झालो?’

‘झाला. कायमचा.’

‘पागडीचो की ओनरशिपचो?’

ती चिडवत होती. पागडी म्हणजे काय हे आमच्या भागात सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. तुम्ही घरमालकाला भलीमोठी रक्कम मोजून खोलीत शिरता, तीन पिढ्या राहता, भिंतीत खिळे ठोकता, लग्नं लावता, बाळंतपणं करता, आणि भाड्याची पावती बघितली की कळतं तुम्ही भाडेकरू आहात. खोली विकायची तर मालकाला विचारा. पैसे आपले, भिंती त्याच्या. मी रोज लोकांना हेच समजावत असते.

‘ओनरशिप,’ मी म्हणाले. ‘इथे लिहिलंय बघ. खरेदी.’

पुढचं लिहिताना लाज वाटते. आमच्या खिडकीत कबुतरांनी उच्छाद मांडला होता. सगळ्या चाळीत त्याला एकच औषध, जुन्या सीड्या खिडकीत टांगायच्या. चकाकतात, गरगर फिरतात, कबुतरं बिचकतात. आमच्याकडे भजनाच्या दोन आणि या सिनेमाच्या दोन अशा चार होत्या. एकाखाली एक माळ करायची तर कडेला भोक लागतं. मी गॅसवर सुई लाल केली आणि कडेला भोकं पाडली. दुसरी सीडी सगळ्यात खाली आली. आई म्हणाली, ‘ती रवांदे ना.’ मी म्हणाले, ‘अगं, आता काय करायचीय? सिनेमा आपल्याकडे आहे.’

कबुतरं आठ दिवस आली नाहीत. मग यायला लागली.

तीन म्हाळ टीव्हीवर झाले. काही अडलं नाही. अडलं नाही म्हणूनच मला सुचलं नाही की ते नऊ सेकंद मोबाईलवर उतरवून ठेवावेत. लोक आता विचारतात, एवढं कसं सुचलं नाही? जे आपलं आहे ते माणूस चोरून कशाला ठेवेल? आपल्या घरातल्या डब्याची कुणी झेरॉक्स काढून ठेवतं का?

दरम्यान आईचा डावा कान गेला. मग उजवाही मंदावला. परळच्या इस्पितळात डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं की उजवा अजून वर्षभर साथ देईल, कदाचित नाही देणार, नंतर मशीन लावा, पण मशीनने बोलणं कळेल, आवाज ओळखू येतीलच असं नाही. आई बाहेर आल्यावर बाकावर बसली. मला वाटलं घाबरली असेल. ती म्हणाली, ‘फुडल्या म्हाळाक जरा आवाज वाढवून लाव.’ बाकी काही नाही. दहा महिने तिने तेवढंच धरून ठेवलं होतं. कान जायच्या आधी एकदा ऐकायचं.

गणपती गेले. पितृपक्ष लागला. म्हाळाच्या पाच दिवस आधी, म्हटलं आवाज कितीवर ठेवायचा ते बघून ठेवू, म्हणून मी ॲप उघडलं. ‘माझी खरेदी’ या कप्प्यात एक राखाडी चौकोन होता. खाली ओळ. ‘हे शीर्षक सध्या आपल्या भागात उपलब्ध नाही.’

आपल्या भागात. ती गिरणी माझ्या घरापासून सात मिनिटांवर होती. त्या गर्दीतली निम्मी माणसं आमच्या आणि बाजूच्या चाळीतली होती. आणि आमच्याच भागात उपलब्ध नाही.

मी मदत केंद्राशी चॅटवर भांडले. समोरचं माणूस होतं की यंत्र, देव जाणे. आधी म्हणे, आपल्या भावना आम्ही समजतो. मग म्हणे, हक्कधारकांचा करार संपल्यामुळे शीर्षक काढण्यात आले आहे. मी लिहिलं, मी ते विकत घेतलंय. उत्तर आलं, आपण ते पाहण्याचा परवाना घेतला होता, कृपया अटींमधील कलम पाहावे. मग शेवटी, झालेल्या गैरसोयीबद्दल आपण तेवढ्याच किमतीचा दुसरा कोणताही सिनेमा निवडू शकता.

मी हे आईच्या उजव्या कानाशी ओरडून सांगितलं.

‘म्हणजे दुसरो नवरो बघ म्हणतत?’

मी हसले. ती नाही हसली.

त्या संध्याकाळी मी ते पान पहिल्यांदा वाचलं. सगळं होतं त्यात. कुठेच लपवलेलं नव्हतं. ‘खरेदी’ या शब्दाचा अर्थ काय धरावा हेसुद्धा लिहिलं होतं: उपलब्ध असेल तोवर पाहण्याची मुभा. आमच्या पावतीची भाषा. फक्त घरमालक निदान दर महिन्याला पावती तरी फाडतो. मी पेटले आणि रातोरात नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी समितीच्या टेबलावर बसून पत्रक लिहिलं, ‘खरेदीच्या नावाखाली पागडी’. समितीतल्या मित्राने वाचलं.

‘बरं आहे. पुढच्या मोर्चाला घोषणा काय द्यायची? आमचा पिक्चर परत द्या?’

‘द्यायची. का नाही?’

‘अगं, इथे लोकांची घरं चाललीत. तू सिनेमाचं काय घेऊन बसलीस?’

‘तोच कागद आहे रे. तीच भाषा आहे.’

‘असेल. पण सही तूच केलीस ना?’

पत्रक छापलं होतं, वाटलं नाही. गठ्ठा अजून कॉटखाली आहे.

म्हाळाला चार दिवस होते. लालबागमध्ये जिथे सीड्या मिळायच्या तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात. दादरला तेच. गिरगावात एका गल्लीत एक दुकान आहे असं कुणीतरी सांगितलं, तिथेही समोर कव्हरंच टांगलेली होती, पण मालक जुने होते, पांढरा शर्ट, नाकावर चष्मा. मी सिनेमाचं नाव सांगितलं. त्यांनी पोटमाळ्यावरून खोका काढला, शोधलं, प्लॅस्टिकची डबी सापडली. वर पोस्टरचा कागद होता. डबी उघडली तर रिकामी.

मी म्हणाले, ‘काका, नुसती डबी कशी ठेवता तुम्ही?’

त्यांनी चष्मा काढला. ‘ताई, मी दहा वर्षं हे दुकान सीड्यांसाठी उघडं ठेवलं. रोज सकाळी धूळ पुसायचो. एक माणूस फिरकला नाही. कुणी आला तर म्हणायचा, फुकट द्या, पतंगाला लावायच्यात, गाडीला लावायच्यात, कबुतरांसाठी हव्यात. आता तुम्ही धावत येणार आणि मला विचारणार कशी ठेवता.’

मग मी त्यांना आमच्या खिडकीतल्या सीडीबद्दल सांगितलं. सांगावं लागलंच.

‘उन्हात आहे?’

‘छज्ज्याच्या आत. ऊन थोडं.’

‘भोक मधलंच, की कडेला पाडलंत?’

‘कडेला.’

‘तुम्हाला पाहिजे तो प्रसंग कुठे आहे?’

‘शेवटी.’

त्यांनी एक कोरी सीडी हातात घेतली आणि मधल्या भोकापासून कडेपर्यंत बोट फिरवलं. ‘ही आतून बाहेर वाचली जाते. सुरुवात मध्ये, शेवट कडेला.’ बोट कडेवर थांबलं. मग त्यांनी खालच्या कपाटातून एक जुना प्लेअर काढून दिला आणि म्हणाले, बघा लागते का, मग परत आणून द्या.

मी माळ सोडवली. कबुतरांनी तिलाही सोडलं नव्हतं. सीडी साबणाच्या पाण्यात धुतली, मऊ सुती फडक्याने मधून कडेकडे पुसली, गूगलवर दिसेल ते सगळं केलं.

म्हाळाच्या दिवशी कावळा लवकर शिवला. आईने वडे नेहमीसारखे केले, जेवणं झाली, भांडी झाली. तिला मी काही सांगितलं नव्हतं. तिने हात पुसले आणि माझ्याकडे बघितलं. मी आवाज पूर्ण वाढवला आणि सीडी घातली.

लागली. खरंच लागली. चित्र मध्येच चौकोन चौकोन होऊन विस्कटायचं, पुन्हा जुळायचं. सीडी आत खडखडत होती. आई टीव्हीच्या इतकी जवळ बसली की तिचं नाक काचेला लागेल. उजवा कान पुढे. सिनेमा पुढे सरकला. सकाळ झाली, कामगार आले, गेट आलं. टोपी आली. पप्पांचा खांदा किंचित वर होतो, बोलायच्या आधी श्वास घेतल्यासारखा, तो झाला. आणि चित्र थांबलं. खडखड वाढली, मग बंद. प्लेअरच्या छोट्या काचेत हिरव्या अक्षरांत आलं, नो डिस्क.

मी काढली, पुसली, पुन्हा घातली. चार वेळा. चारही वेळा खांद्यापर्यंत.

शेवटी मी न राहवून आईच्या कानाशी ते वाक्य म्हटलं. घरात सगळ्यांना पाठ आहे. कुलूप आतून लावलंय की बाहेरून. आईने मला मध्येच हाताने थांबवलं.

‘शब्द माका पाठ आसत गो,’ ती म्हणाली. ‘शब्द नको होते माका.’

ती आत जाऊन झोपली. काच पुसली नाही.

उजवा कान डिसेंबरच्या आसपास गेला. मशीन घेतलं. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. मी बोलते ते तिला अर्धं माझ्या ओठांवरून कळतं, बाकी खरखर. शेजारची मुलगी आणि मी, दोघींचा आवाज तिला एकच वाटतो.

आणि मार्चमध्ये सिनेमा परत आला. दुसऱ्या एका ॲपवर. मला कुणी कळवलं नाही. मी रोज शोधायची, एके दिवशी सापडला. इथे खरेदीचं बटणच नव्हतं, फक्त भाडं, अठ्ठेचाळीस तास. एका अर्थी हे बरं, निदान खोटं बोलत नव्हते. मी घेतला. या वेळी अटी वाचल्या, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. वाचून काय फरक पडला? काही नाही. वाचून सही केली, एवढाच.

भाड्याने आणलाय हे खुणांनी सांगून आईला टीव्हीसमोर बसवलं. मशीनचा आवाज वाढवला, टीव्हीचा वाढवला. शेजाऱ्यांनी भिंत वाजवली. मी मोबाईल स्क्रीनसमोर धरला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. चित्र लख्ख होतं. टोपीची शिवण दिसत होती. खांदा वर झाला. चेहरा कॅमेऱ्याकडे नाही, म्हणजे ओठही नाहीत.

खोलीभर पप्पांचा आवाज घुमला. कुलूप आतून लावलंय की बाहेरून, तेवढं सांगा. आतून असेल तर थांबतो. बाहेरून असेल तर घरी जातो.

आई खांद्याकडे बघत होती. खांदा खाली आला. पुढचा प्रसंग सुरू झाला. ती तरीही बघतच राहिली, मग माझ्याकडे वळली.

‘बोलले काय गो?’

मी मान हलवली. मग तिला दिसावं म्हणून तोंड मोठं करून म्हणाले, ‘हो. बोलले.’

हेही त्या रेकॉर्डिंगमध्ये आलंय. पप्पांच्या नऊ सेकंदांनंतर तिचा प्रश्न आणि माझं उत्तर. मी ती फाईल मोबाईलवर ठेवलीय, समितीच्या कॉम्प्युटरवर ठेवलीय, आणि गिरगावच्या काकांचा प्लेअर परत करायला गेले तेव्हा त्यांच्याकडून सीडीवर घालून आणलीय. ती सीडी कपाटात आहे, आईच्या साड्यांच्या खाली. हे सगळं बेकायदा आहे. ते त्या अटींमध्ये लिहिलेलं होतं, आणि मी ते वाचलं होतं.

मी पुन्हा लावू का, असं खुणेने विचारलं. आईने मशीन कानातून काढून मुठीत धरलं.

‘नको,’ ती म्हणाली. ‘बंद कर. भाडां चालू आसात.’